मलंगाच्या वेशातला देव आणि नाथांची भारुडं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या संध्याकाळी, जन्मकाळ झाला की आपण सगळे हात जोडून दत्तात्रेयांची आरती म्हणतो. ती आरती संत एकनाथ महाराजांची. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेली, की शब्द आपोआप ओठांवर येतात. शेवटच्या कडव्यात नाथांनी आपल्या नावाला लावून सद्गुरू जनार्दनस्वामींचं नाव घेतलं आहे, हेही आपल्याला पाठ आहे.

पण ज्या हातांनी ही आरती लिहिली, त्याच हातांनी विंचू चावल्याचं गाणं लिहिलं. वासुदेवाचं, गोंधळ्याचं, जोगवा मागणारणीचं, दरवेशाचं गाणं लिहिलं. नवऱ्याला नि सासूला कंटाळलेल्या बाईचं गाऱ्हाणंसुद्धा लिहिलं. सप्ताहात एखाद्या रात्री भारूड ठेवलं की पोरंसोरं पुढे येऊन बसतात, हशा पिकतो, आणि आपल्याला वाटतं की हे जरा करमणुकीचं, खरी भक्ती ती आरतीत. आरतीचे नाथ निराळे आणि भारुडाचे नाथ निराळे, असं आपण नकळत धरून चालतो.

खरं म्हणजे ही दोन्ही गाणी एकाच मातीत रुजली. ती माती आपल्या अगदी जवळची. हर्सूलहून गाडीनं निघालं तर तासाभरात देवगिरीच्या पायथ्याशी पोचता येतं. त्या किल्ल्यावर एक पोरका मुलगा शिष्य म्हणून आला आणि मराठी माणसाच्या तोंडी कायमची बसलेली गाणी लिहिणारा होऊन परतला. नाथांच्या त्या उमेदीच्या वर्षांची ही गोष्ट.

पैठणचं घर

नाथांचा जन्म शके १४५५, म्हणजे इ.स. १५३३च्या सुमाराचा मानतात. घराणं पैठणचं, भानुदासांचं. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती परत पंढरपुरात आणली असं ज्यांच्याबद्दल वारकरी परंपरा सांगते, ते भानुदास नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी. दोघंही मूल अगदी लहान असताना गेले. मग आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला सांभाळलं.

आईबापाविना वाढलेलं पोर एक तर बुजतं, नाही तर फार प्रश्न विचारतं. एकनाथ दुसऱ्या जातीचा. पैठण म्हणजे दक्षिणेची काशी. गल्लोगल्ली वेदपाठ, पुराणं आणि शास्त्रार्थ. मुलगा पुराणाला जाऊन बसायचा आणि पुराणिकबुवांना अडचणीत टाकील असं काही तरी विचारायचा. उत्तरानं समाधान व्हायचं नाही. सांगितलेलं कळतंय, पण ते दिसत का नाही, अशी काहीशी त्याची तगमग होती. ते दाखवणारा कोणी तरी हवा होता.

परंपरा सांगते, की वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास एका रात्री शिवालयात बसलेल्या एकनाथाला देवगिरीला जनार्दनपंतांकडे जाण्याचा आदेश ऐकू आला. तो घरात कोणाला न सांगता निघाला. पैठण ते देवगिरी आजच्या रस्त्यानं साठ-पासष्ट किलोमीटर. त्या काळी ती दोन-तीन दिवसांची पायवाट. मधे आपलं हे शहर नव्हतंच. मलिक अंबरानं खडकी वसवली ती १६१० साली, नाथांच्या समाधीनंतर अकरा वर्षांनी. मुलगा एकटाच त्या माळरानातून चालत गेला. मागे आजी-आजोबांचं काय झालं असेल ते सांगायला नको. म्हातारपणी एकच आधार, आणि तोही न सांगता निघून गेलेला.

किल्ल्यावरचे गुरू

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. देवगिरी तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि स्वामी तिथे मोठ्या अधिकारावर होते. म्हणजे हे गुरू आश्रमातले नव्हते. कमरेला तलवार, हाताखाली शिबंदी, समोर दफ्तर, वरती सुलतान. आणि एवढ्या व्यापात अखंड दत्तभक्ती. गुरुवारी स्वामी कचेरीचं काम बंद ठेवून दत्तचिंतनात राहत, अशी आठवण परंपरेनं जपली आहे. किल्ल्याच्या वरच्या अंगाला त्यांची गुहा आजही दाखवतात. खंदक ओलांडून, अंधेरी पार करून, दम खात आपण तिथवर चढतो तेव्हा पायांना कळतं, की हा माणूस रोज किती वर चढत होता.

प्रपंच सोडून देव भेटतो असं शिकवणारे पुष्कळ. प्रपंचाच्या ऐन गर्दीत राहून देव भेटतो, हे स्वामींनी शिष्याला आधी दाखवलं आणि मग सांगितलं. नाथ पुढे आयुष्यभर गृहस्थ राहिले, त्याची मुळं इथे आहेत.

एका पैशाचा हिशेब

स्वामींनी या हुशार मुलाला लगेच मंत्र देऊन ध्यानाला बसवलं नाही. सेवा दिली. पाणी भरायचं, पूजेची तयारी करायची, पाय चेपायचे. आणि वय वाढलं तसं हिशेबाचं काम. एकदा हिशेबात एका पैशाची चूक येत होती. एकनाथ दिवा लावून वह्या घेऊन बसले. रात्र सरत आली, तहानभूक गेली, दिव्यात तेल घालायचं तेवढं भान. पहाटे चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. त्या आवाजानं स्वामी जागे झाले. शिष्याची ती तल्लीनता बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. एका पैशाच्या चुकीसाठी जर एवढं मन लागतं, तर जन्ममरणाची चूक शोधायला ते लावलं तर काय होईल, असं त्यांनी शिष्याला समजावलं.

ही कथा आपण एकाग्रतेची म्हणून मुलांना सांगतो. ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट लपली आहे. ज्या दफ्तरात नाथ बसले, तिथली भाषा त्यांच्या कानात कायमची राहिली. वसूल, बाकी, अर्ज, कौल, ताकीद हे सगळे फारसी मिसळलेले कचेरीचे शब्द पुढे त्यांच्या गाण्यांत आले. नाथांच्या भारुडांत अर्जदस्त आहे, जाबचिठ्ठी आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे, कौल आहे. शरीर हाच परगणा, जीव हा त्याचा कारभारी, काम-क्रोध हे पैसा खाणारे अंमलदार, आणि परमेश्वर हा वरचा धनी, ज्याच्याकडे बिचारा जीव अर्ज पाठवतो. त्या काळच्या शेतकऱ्याला अद्वैत कळलं नसेल, पण बाकी थकली की काय होतं हे पक्कं कळत होतं. नाथांनी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. देवगिरीचं दफ्तर असं भक्तीच्या कामी आलं.

गुरूचं चिलखत

दुसरी कथा लढाईची. एकदा स्वामी समाधीत बसले होते आणि किल्ल्यावर शत्रू चालून आला. गडबड उडाली. गुरूंची समाधी मोडायची नाही, आणि किल्ला तर राखलाच पाहिजे. एकनाथांनी स्वामींचं चिलखत अंगावर चढवलं, शस्त्र घेतलं, घोड्यावर बसले आणि फौजेच्या पुढे गेले. सैन्याला वाटलं, प्रत्यक्ष धनीच आले. शत्रू परतला. नाथांनी चिलखत उतरवून जागच्या जागी ठेवलं आणि गुरूंना त्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. स्वामींना नंतर दुसऱ्यांकडून समजलं.

या कथेतला पराक्रम आपल्या लक्षात राहतो. मला मात्र त्यातलं वेश घेणं जास्त मोलाचं वाटतं. दुसऱ्याचा वेश अंगावर घ्यायचा, तो घेतल्यावर त्याचं काम पूर्ण जबाबदारीनं करायचं, आणि काम झालं की मीपणा न ठेवता उतरवून ठेवायचा. भारूड म्हणजे दुसरं काय असतं? नाथ गोंधळी होतात, जोशी होतात, वाघ्या होतात, सासुरवाशीण होतात. शेवटच्या ओळीत गुरूच्या नावासह आपली मुद्रा उमटवतात आणि वेश उतरवतात. भारूड करणाऱ्यांत आजही सोंगी भारूड म्हणून प्रकार आहे, त्यात खरोखर पोशाख करून उभं राहतात. त्या सोंगाची पहिली शिकवण नाथांना किल्ल्यावर मिळाली, असं म्हणायला हरकत नाही.

मलंग आला

आता मुख्य गोष्ट. दत्तभक्तांनी ही कथा अनेकदा ऐकली असेल; महिपतींनी ती सांगितली आहे आणि कीर्तनकारांच्या तोंडी तिचे तपशील थोडेफार बदलतात. गाभा मात्र एकच.

स्वामींना दत्तप्रभूंचं दर्शन वारंवार होत असे. शिष्यालाही ते व्हावं ही त्यांची तळमळ. एक दिवस ते एकनाथांना घेऊन रानात गेले. तिथे समोरून एक मलंग आला. अंगावर कातडं, अवतार भयानक, डोळे लाल, बरोबर एक कुत्री. स्वामी पुढे झाले आणि त्याला प्रेमानं भेटले. मलंगानं कुत्रीचं दूध काढलं, मातीच्या भांड्यात भाकरीचे तुकडे कुस्करले, आणि ते दोघं एकत्र जेवायला बसले. पैठणच्या सोवळ्या घरातला मुलगा हे बघत उभा. मनात काय काय आलं असेल! ते भांडं धुऊन आणायची आज्ञा झाली. एकनाथांनी भांडं नेलं, आणि गुरूंनी ज्यातून खाल्लं त्याचा प्रसाद म्हणून ते धुतलेलं पाणी प्राशन केलं. मग उमगलं. तो मलंग म्हणजे दत्तात्रेय, आणि ती कुत्री म्हणजे कामधेनू.

ही कथा घडली तो मुलूख डोळ्यांपुढे आणा. देवगिरीपासून थोड्याच अंतरावर आजचं खुलताबाद. चौदाव्या शतकापासून तिथे सुफी संतांचे दर्गे होते, आणि त्या वाटेवर फकिरांची, मलंगांची ये-जा नित्याची होती. म्हणजे दत्तप्रभू ज्या वेशात आले तो वेश त्या रस्त्यावर रोज दिसणारा होता. काही अभ्यासक तर जनार्दनस्वामींच्या गुरुपरंपरेत चांद बोधले या सत्पुरुषाचं नाव घेतात आणि मलंगाच्या कथेचा संबंध त्यांच्याशी जोडतात. भाविक ते दत्तदर्शन म्हणून मानतात. कसंही बघा, शिकवण एकच राहते. देव आपल्या आवडीचा पोशाख करून येईलच असं नाही.

आपल्यासारखा माणूस असता तर ही कथा चमत्कार म्हणून सांगत सुटला असता. नाथांनी तिचा वेगळाच अर्थ लावला. एकदा देव मलंगाच्या रूपात आला असेल, तर उद्या कोणाच्याही रूपात येईल. मग दारात येणाऱ्या कोणालाही हलकं मानायची सोयच उरली नाही. मला वाटतं, नाथांची सगळी भारुडं त्या एका दिवसातून निघाली.

शूलिभंजन ते गोदातीर

पुढे स्वामींनी त्यांना शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवलं. खुलताबादजवळच्या या डोंगरावर आज दत्तमंदिर आहे आणि आपल्या भागातली मंडळी दत्तजयंतीला तिथे आवर्जून जातात. नाथ ध्यानात असताना एक सर्प त्यांना दंश करायला आला आणि फणा धरून बसून राहिला, ही कथा तिथलीच.

अनुष्ठान झाल्यावर गुरुशिष्य नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे यात्रेला गेले. तिथे चतुःश्लोकी भागवताचं निरूपण ऐकायला मिळालं आणि स्वामींनी नाथांना त्यावर मराठीत लिहायची आज्ञा केली. सुमारे हजार ओव्यांची ही नाथांची पहिली रचना. संस्कृत उत्तम येत असूनही पहिलं पाऊल मराठीत, आणि तेही गुरूंच्या आज्ञेनं. त्यानंतर स्वामींनी त्यांना तीर्थयात्रेला पाठवलं. नाथांनी पुष्कळ मुलूख पायी पाहिला. गावोगावच्या बोली, देवळातल्या चाली, बाजारातल्या हाका कानांवर पडल्या. गाणाऱ्याची खरी शाळा अशी रस्त्यावरच असते.

इकडे चक्रपाणी नातवाचा शोध घेत देवगिरीला पोचले होते. स्वामींनी त्यांच्याजवळ एक पत्र लिहून दिलं. नाथ यात्रेहून पैठणजवळ आले, आजोबांची भेट झाली, गुरूंचं पत्र हाती पडलं. पत्र मिळेल तिथेच राहावं, गृहस्थाश्रम करावा, अशी आज्ञा होती. नाथांनी पुढचं पाऊल टाकलं नाही. तिथेच राहिले. गिरिजाबाईंशी लग्न झालं. आजी-आजोबांच्या म्हातारपणाला दिलासा मिळाला. गंगा, गोदा आणि हरिपंडित अशी मुलं झाली.

दारात आलेली माणसं

पैठणच्या वाड्यात नाथांचा दिनक्रम सुरू झाला. पहाटे गोदास्नान, पूजा, दुपारी पुराण, रात्री कीर्तन. कीर्तनाला सगळे येत. आणि दिवसभर दाराशी माणसं येत ती निराळीच. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव. कवड्यांच्या माळा घातलेला भुत्या. परडी घेऊन जोगवा मागणारी. संबळ वाजवणारा गोंधळी. पंचांग काखोटीला मारलेला जोशी. डोंबारी, गारुडी, पोतराज, फकीर, दरवेशी. दुसऱ्या घरांत त्यांना पसाभर धान्य घालून वाटेला लावत. नाथ त्यांची गाणी ऐकत. चाल, ठेका, बोलण्याची ढब, सगळं टिपून घेत.

आणि मग रात्री कीर्तनात तोच वासुदेव उभा राही. पण तो धान्य मागत नसे. झोपलेल्या जीवाला उठवायला आलेला असे. जोगवा मागणारी बाई धान्याऐवजी बोधाचा जोगवा मागे आणि द्वैत टाकून द्यायला निघे. जोशी सांगे ते भविष्य पुढच्या पिकाचं नसून पुढच्या जन्माचं असे. विंचू म्हणजे काम-क्रोधाची नांगी, आणि उतारा सत्त्वगुणाचा. शिमग्याच्या सोंगासारखी सुरुवात व्हायची, माणसं हसत बसायची, आणि हसता हसता काळजात काही तरी टोचायचं. सुमारे सव्वाशे विषयांवरची तीनशेच्या आसपास भारुडं नाथांच्या नावावर आहेत. मराठीत नाथांइतकी भारुडं दुसऱ्या कोणत्याच संतानं लिहिली नाहीत.

यातली सगळ्यात धारदार गाणी म्हणजे जोहार. जोहार हा महारानं पाटलाला नि धन्याला करायचा नमस्कार. ज्या समाजाला वेशीच्या आत येऊ देत नसत, त्या समाजातल्या माणसाच्या तोंडी नाथांनी ब्रह्मज्ञान घातलं. भानुदासांच्या घराण्यातला ब्राह्मण स्वतःला गावाचा महार म्हणवून घेतो आणि गावकऱ्यांच्या खोटेपणाचा हिशेब सांगतो, हे पैठणमध्ये साधं नव्हतं.

याची किंमतही मोजावी लागली. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास आला म्हणून थबकलेल्या अस्पृश्य मानलेल्या माणसांना नाथांनी आधी जेवू घातलं, तेव्हा ब्रह्मवृंदानं पानावर बसायचं नाकारलं. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं त्यांचं लेकरू कडेवर उचललं, तेव्हा प्रायश्चित्ताची भाषा झाली. एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय झाले तेव्हा प्राकृतात लिहिल्याबद्दल काशीच्या पंडितांनी जाब विचारला. नाथ काशीला गेले आणि ग्रंथ तिथेच शके १४९५, म्हणजे १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेला पुरा केला. साधारण १८,८०० ओव्या. पण सगळ्यात जिव्हारी लागावं असं घरातच घडलं. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान निघाला आणि वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कोणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो रुसून काशीला निघून गेला. नाथ त्याला समजावून परत घेऊन आले. मुलाच्या मनासाठी त्यांनी काही काळ मराठी पुराण बंदही ठेवलं. शेवटी मुलालाच वडिलांचं मोठेपण कळलं. घरात शिकलेली मुलं असलेल्या आपल्या वयाच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

एवढं सगळं सोसून नाथांनी भारूड सोडलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते करमणुकीचं नव्हतंच. ती मलंगाच्या भेटीची परतफेड होती.

आपल्या दाराशी

शके १५२०, म्हणजे १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, नाथांची आणि त्यांची पहिली भेट, स्वामींची समाधी आणि नाथांची समाधी, या पाचही गोष्टी परंपरा एकाच तिथीला मानते. म्हणून पैठणची नाथषष्ठी मोठी.

आज आपल्या हर्सूलकडेही वस्ती वाढली, सोसायट्या झाल्या, फाटकावर राखणदार आले. पहाटेचा वासुदेव क्वचितच दिसतो. जो येतो त्याला खालूनच परत पाठवतात. काळ बदलला, सुरक्षितता पाहावी लागते, हे खरंच आहे. पण नाथांची आरती म्हणणाऱ्यांनी एवढं तरी मनात ठेवायला हवं, की ज्यांनी ती लिहिली त्यांना दत्तप्रभू देव्हाऱ्यात भेटले नव्हते. ते रानात, कुत्री बरोबर घेतलेल्या, कोणीही तोंड फिरवावं अशा माणसाच्या रूपात भेटले होते. या दत्तजयंतीला आरतीनंतर एखादं भारूडही होऊ द्यावं. घरातल्या नातवंडांना त्याचा अर्थ सांगावा. आणि प्रसादाचं पान वाढताना दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे जरा नीट पाहावं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥